तिसरा रकाना

बुधवारी दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी त्याने साखरेची काचेची बरणी सख्ख्या भावाच्या डोक्याच्या रोखाने फेकली. भाऊ वेळेवर वाकला. बरणी मागच्या भिंतीवर फुटली आणि साखर फ्रिजखाली, मिक्सरच्या फटीत, भावाच्या कॉलरमध्ये गेली. फेकणारा पुन्हा खुर्चीत बसला आणि उरलेलं जेवण जेवू लागला.

बायकोने आधी काचा गोळा केल्या, मग वही काढली. वहीत दवाखान्यातल्या थेरपिस्टबाईंनी आखून दिलेले तीन रकाने होते. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात त्याच्या लगेच आधी काय घडलं. तिने लिहिलं, १२.३५. बरणी फेकली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, काही नाही. वहीची एकवीस पानं भरली होती आणि तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत असाच होता. काही नाही, काही नाही, काही नाही.

तिने दिराला विचारलं, लागलं का. दीर कॉलर झटकत म्हणाला, आपल्याला काय होतंय, पण उद्या बरणी नेमकी बसली तर? आणि समोर आपण नसून तुम्ही असलात तर, वहिनी? मग आवाज खाली आणून म्हणाला, "परवा त्यांना सगळं सांगा, वहिनी. भीड बाळगू नका."

"ऐकू येतं मला," नवरा तोंडात घास ठेवून म्हणाला. "डोकं फुटलंय, कान नाही."

परवा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी अकरा वाजता दवाखान्यात तिघा जणांची समिती बसणार होती. तिने फॉर्मवर सही केली की त्याला शहराबाहेरच्या निवासी केंद्रात ठेवून घेणार होते. मुदत लिहिलेली नव्हती. अकरा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून मावशीकडे राहत होती, कारण बापाने एका संध्याकाळी तिची गणिताची वही फाडली आणि ती रडली म्हणून तिला बाथरूममध्ये कोंडलं, पाऊण तास. मुलीने मावशीकडे जाताना एकच सांगितलं होतं, बाबा असेपर्यंत येणार नाही. म्हणजे घरात दोघांपैकी एकच राहू शकत होतं. कोण, हे बायकोचं केव्हाच ठरलं होतं. फक्त सही बाकी होती.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. सव्वीस वर्षांची नोकरी, वर्कशॉपमध्ये सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. धाकट्या भावालाही त्यानेच हाताला धरून तिथे चिकटवला, पाना कसा धरायचा इथपासून शिकवला. त्यांच्या कामात एक नियम सगळ्यांत वरचा. लिफ्ट धावते त्या पोकळीत माणूस उतरणार असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, बुडाशी ठोकलेला नंबर वेगळा. किल्ली स्वतःच्या खिशात. दुसरी किल्ली मुकादमाच्या कपाटात, सीलबंद लिफाफ्यात. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. कोणी कुलूप विसरून चहाला गेला आणि काम अडलं, तरी आधी त्याला फोन लावायचा, त्याचा आवाज कानांनी ऐकायचा, आणि मगच कुलूप कापायला कटर काढायचा. उस्तादचा नंबर एकतीस होता. नव्या पोरांना तो म्हणायचा, बायकोचा वाढदिवस विसरलात तर ती आठ दिवस बोलणार नाही, कुलूप विसरलात तर तुम्ही कायमचे बोलणार नाही. बायकोचा वाढदिवस तो दरवर्षी विसरायचा.

सात महिन्यांपूर्वी एका सहा मजली इमारतीत, सकाळी दहाला दहा कमी असताना, तो लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता आणि लिफ्ट चालू झाली. तो दीड मजला खाली कोसळला. कपाळ लोखंडी तुळईवर आपटलं. वर मशीनच्या खोलीत धाकटा भाऊ होता. त्याने जबाब दिला की स्विचवर कुलूप नव्हतं, दादा कुठे दिसला नाही, म्हणून आपण लिफ्ट चालू करून पाहिली. एकतीस नंबरची किल्ली उस्तादच्या खिशात सापडली आणि उघडं कुलूप त्याच्या हत्यारांच्या पिशवीत. चौकशी दोन दिवसांत आटोपली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उस्ताद कुलूप लावायला विसरला, असं त्या कागदावर आहे.

एकोणीस दिवस तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तो हा माणूस नव्हे, असं बायकोने चौथ्याच दिवशी बहिणीला फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूचा पुढचा भाग चेचला गेलाय, तोच भाग माणसाचा ब्रेक असतो. नवऱ्याने पलंगावरून डॉक्टरांना झापलं. म्हणाला, ब्रेक म्हणजे काय ते मला नका शिकवू, लिफ्टचा ब्रेक कायम लागलेलाच असतो, वीज आली की तेवढ्यापुरता सुटतो. मग डॉक्टरांच्या डोक्याकडे बघून म्हणाला, "आणि हा टोप काढा आधी, उंदीर बसल्यासारखा दिसतो."

बायको त्या दिवशी शरमेने अर्धी झाली होती. नंतर शरमायला वेळ उरला नाही. त्याने घरमालकिणीला तोंडावर विचारलं की तुमची मिशी माझ्यापेक्षा दाट कशी. सासऱ्यांच्या मूळव्याधीच्या ऑपरेशनची गोष्ट सांगून तो शेजाऱ्याच्या अंत्यविधीत खदखदा हसला. एका बैठकीत अख्खा पाव संपवायचा आणि वर उपाशी ठेवलं म्हणून ओरडायचा. कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजे हातात धरून पलंगावर बसून राहायचा. कोणी आपली वस्तू बदलली, कोणी आपल्या मागे काही केलं, हे तर रोजचंच. अपघाताचा दिवस त्याला आठवत नव्हता, आदल्या दिवसाची संध्याकाळही नाही. तरी कुलूप मी लावलं होतं, हे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, आठवणीत खड्डा पडला की मेंदू तिथे मिळेल ते भरतो, तुम्ही वाद घालू नका.

ती वाद घालत नव्हती. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर होती, तिथे दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकूनच घ्यायची सवय होती. पण घरी तिच्या तोंडचं अहो कधी गळून पडलं, तुम्हीचं तू कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. ऊठ. जेव. गप बस. त्याने एकदा तिच्या दंडाला धरून तिला भिंतीवर लोटलं तेव्हा तिने हातातल्या उलथन्याने त्याच्या मनगटावर फटका मारला. तो फटका तिने कुठल्याच रकान्यात लिहिला नाही.

दीर मात्र सगळ्यांत देवमाणूस ठरला. ती आता आठवड्यातले तीनच दिवस कामावर जायची, त्या दिवशी रजा टाकून तो भावापाशी बसायचा. शिव्या खायचा, मार खायचा, दुसऱ्या वेळी पुन्हा हजर. निवासी केंद्राचा पत्ता त्यानेच शोधला होता, फॉर्मही त्यानेच आणला होता.

गुरुवारी सकाळी दहा वाजता थेरपिस्टबाईंनी वही चाळली. तोंड वाकडं न करता त्यांनी सांगितलं की ही वही समितीपुढे चालायची नाही. "रागाला काहीतरी आधी असतंच. आवाज, उजेड, भूक, कोणाचा शब्द. तुम्ही एकवीस पानं काही नाही लिहिलंय. उद्यापर्यंत आठवेल तेवढं भरून आणा."

तिला राग आला. दुकानातला शर्ट हरवला की मालक असाच बोलायचा, तुम्ही नीट बघितलं नसेल. पण सहीच्या आड वही यायला नको होती. दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या बाजूला कपड्यांच्या गाठोड्यावर बसून ती पेन्सिलने रकाना भरत गेली. मुलीने पंखा लावला. शेजारचा ड्रिल चालू होता. भाजी संपली. मग एक गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली. भाऊजी आले होते. भाऊजी बोलत होते. काय बोलत होते, तेही तिला आठवत होतं, कारण ते दर वेळी तेच असायचं. कालही बरणी उडायच्या आधी दिराने भावाच्या पाठीवर हात ठेवून मायेने म्हटलं होतं, "दादा, तू कुलूप लावायला विसरलास. एकदा मान्य कर, डोकं शांत होईल."

वाद घालू नका, हे डॉक्टरांनी तिला आणि दिराला, दोघांनाही एकाच खोलीत सांगितलं होतं.

बरीच पानं मागे एक नोंद होती. सकाळी ८.१०. साधं कुलूप उघडता येत नाही. चिडून कपाटाचं दार तोडलं. ही नोंद तिने मुद्दाम ठळक लिहिली होती. ज्याला कुलूप उघडता येत नाही त्याला घरी कसा ठेवायचा, असं समितीला दाखवण्यासाठी. वर्कशॉपने हत्यारांची पिशवी घरी पाठवली तेव्हाची गोष्ट. त्याने पिशवीतलं कुलूप काढून स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावलं, म्हणाला आता बघू माझी बिस्किटं कोण खातं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याने दिलेल्या पिशवीतली त्याची किल्ली घेऊन तो अर्धा तास कुलपाशी झटला. हे माझं नाही, हे माझं नाही, म्हणत राहिला. मग लाथ मारून फळी फोडली. ती तेव्हा आंघोळीला गेली होती. तिसऱ्या रकान्यात तिने तिथेही लिहिलं होतं, काही नाही.

चार वाजता ती घरी आली. दीर टीव्ही बघत होता, त्याला तिने आज लवकर जायला सांगितलं. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. फळी तुटली होती तरी कोयंडा आणि कुलूप जागेवर लोंबत होतं. किल्ली फळीवरच्या वाटीत होती. किल्लीच्या मुठीवर ३१ ठोकलेलं होतं. तिने ती कुलपात घातली. अर्धी गेली आणि अडली. तिने तेल सोडलं, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग खाली वाकून कुलपाचं बूड पाहिलं. गुळगुळीत. नंबर नव्हताच.

ती रोज दोनशे कपड्यांना बिल्ले लावायची. पावतीचा नंबर आणि बिल्ल्याचा नंबर एक नसेल तर ती बाहीचं बटणसुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. आणि हे कुलूप दीड महिना तिच्या डोळ्यांपुढे लटकत होतं. मग त्याच्या पिशवीत हे आलं कुठून, आणि एकतीस नंबरचं गेलं कुठे?

मागून नवरा म्हणाला, "काय खातेयस लपून?"

ती म्हणाली, हे कुलूप तुझं नाही.

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला पाणी ओलं असतं असं सांगितलं. "सात महिने काय बोंबलतोय मी? अक्कल गहाण टाकलीस की आधीपासूनच नव्हती?" मग त्याने वाटी उचलून सिंकमध्ये आपटली आणि जेवायला काय आहे ते विचारलं. तिने सांगितलं, अजून काही नाही. तो म्हणाला, "मग कुलपं काय बघतेस, स्वयंपाक कर. सटवी." तिने दात आवळले. तो खरा ठरल्याने तिला त्याच्याबद्दल तसूभरही माया वाटली नाही, उलट जास्तच चीड आली.

पक्कडीने तिने कोयंडा उपसला. कुलूप आणि किल्ली दुकानातल्या एका कागदी पिशवीत टाकली.

शुक्रवारी अकराला समिती बसली. दोन डॉक्टर, एक थेरपिस्टबाई, समोर हे दोघे. दीर बाहेर बाकावर. नवऱ्याने मोठ्या डॉक्टरांना विचारलं की तुमची बायको तुम्हाला घरात घेते का, मला कुठे पाठवायचं ते आधी तिला विचारून या. मग टेबलावरच्या पेल्यातलं पाणी पिऊन पेला खिशात घातला. बायकोने पिशवी उघडून कुलूप आणि किल्ली मांडली आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं.

मोठ्या डॉक्टरांनी किल्ली फिरवून पाहिली. ते म्हणाले की हे वर्कशॉपचं प्रकरण आहे, त्यांनी बघावं. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा. मुलीला कोंडलं ते खरं ना? हो. दंड काळानिळा झाला तो खरा ना? हो. बरणी फेकली ती? हो. "कुलूप त्यांनी लावलं असलं तरी मेंदूला मार बसलाच आहे," ते म्हणाले. "खरं बोलणारा माणूस धोकादायक असू शकतो."

तिने पेन हातात घेतलं होतं. थेरपिस्टबाई वहीचं शेवटचं पान वाचत होत्या. त्यांनी विचारलं, "हे दीर रोज येतात?"

"आठवड्यातून तीनदा."

"आणि ते आले नाहीत त्या दिवशी?"

तिने वही ओढून घेतली आणि पानं उलटली. दीर न आलेल्या दिवशीही नोंदी होत्या. पंख्याची, ड्रिलची, मुलीच्या वहीची. मुलीच्या वहीच्या दिवशी दीर आला नव्हता. तिने तसं सांगितलं. खोटं बोलून तिला काही मिळालं असतं, पण काय, ते तिला त्या क्षणी ठरवता आलं नाही. पेन ठेवून ती म्हणाली, मला मंगळवारपर्यंत वेळ द्या. डॉक्टरांनी मंगळवार लिहून घेतला आणि पेला परत मागितला.

बाहेर दिराने विचारलं, झाली का सही. तिने सांगितलं, नाही, आणि पुढे म्हणाली, मी वर्कशॉपला निघालेय, तुम्हीही या. दिराने का म्हणून विचारलं नाही.

नवऱ्याला घरी सोडून, त्याच्यापुढे ताट ठेवून, गॅस खालून बंद करून ती निघाली. सात महिन्यांत त्याला एकटं ठेवण्याची ही पहिलीच वेळ. दिरापाशी ठेवायचं नव्हतं आणि दुसरं कोणी नव्हतं.

पावणेतीनला ती मुकादमापुढे उभी होती. मुकादम साठीकडे झुकलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने लिफाफ्यांचं कपाट उघडलं, एकतीस नंबरचा लिफाफा काढला, सील सगळ्यांना दाखवलं आणि फोडलं. आतली किल्ली तिच्या किल्लीवर ठेवली. दाताला दात जुळला. मग ती कुलपात घातली. अर्धी गेली आणि अडली.

मुकादमाने कुलूप उलटं केलं, बुडावरून अंगठा फिरवला. "हे नव्या खोक्यातलं आहे. अजून नंबर न ठोकलेलं." त्याने धाकट्याकडे पाहिलं. "उस्तादच्या पिशवीत कसं?"

धाकटा म्हणाला की त्या दिवशी धावपळ होती, रक्त होतं, कोणी काय कुठे भरलं कोणाला ठाऊक. खोकं तर उघडंच असतं, कोणीही घ्यावं. मग तो वहिनीकडे वळला. "मी सात महिने त्याची उष्टी काढली, वहिनी. तुमच्यासाठी. आणि तुम्ही त्या वेड्याचं ऐकून मला इथे उभं केलंत?"

"त्याचं मी अजूनही ऐकत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी नंबर बघितला. तुम्ही त्या दिवशी कटर नेला होता का?"

"कटर रोजच नेतो."

"फोन लावला होता त्यांना?"

धाकट्याने हातमोजे काढले. शेजारच्या बाकावरच्या दोन मेकॅनिकांनी हातातलं काम थांबवलं होतं. त्यातला एक हळूच म्हणाला, आवाज ऐकल्याशिवाय कटर नाही, हे उस्तादनेच शिकवलं होतं. धाकट्याने त्याला आईवरून शिवी दिली, हातमोजे टेबलावर टाकले आणि निघून गेला. मुकादमाने लिफाफा, दोन्ही किल्ल्या आणि बिननंबरी कुलूप एका डब्यात ठेवून डब्यावर तारीख घातली. सोमवारी वरच्यांना कळवतो म्हणाला. एकतीस नंबरचं कुलूप, अखंड किंवा कापलेलं, वर्कशॉपमध्ये नाही, असं त्याने तिच्या देखत सगळे खण उपसून सांगितलं.

सव्वापाचला ती घराशी पोचली. दार आतून बंद होतं. तिची किल्ली फिरली, पण वरची कडी लावलेली होती. तिने बेल वाजवली, मग थापा मारल्या.

"कोण?"

"मी."

"तो आहे का बरोबर?"

"नाही."

"खोटं बोलतेस. तुम्ही दोघं एकच."

तिने सांगितलं की किल्ली जुळली नाही, मुकादमाने पाहिलं, चौघांनी पाहिलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग खुर्ची आतून दाराला टेकल्याचा. घरमालकीण जिन्यावर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं की पोलिसांना बोलवायचं का. बायकोने हातानेच नको म्हणून सांगितलं. बहिणीचा फोन येऊन गेला, मुलगी विचारतेय सही झाली का. तिने उचलला नाही.

पाच चाळीसला तिने पुन्हा बेल वाजवली. आतून उत्तर आलं नाही, पावलांचाही आवाज नाही. पर्समध्ये वही होती. जिन्याच्या पायरीवर बसून तिने वेळ लिहिली, दुसऱ्या रकान्यात लिहिलं, दार उघडत नाही, आणि तिसऱ्यावर पेन्सिल टेकवून ती आतला कानोसा घेत राहिली.